बांधणीच्या वेळची परीक्षा

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द पाहा. पहिला डोंगरातला, दुसरा समुद्राचा. संगणकाला मात्र अक्षरे ठाऊक नसतात, त्याला फक्त संख्या कळतात. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीनुसार ‘दर्या’ हा शब्द संगणकात २३४२, २३५२, २३८१, २३५१, २३६६ अशा पाच संख्यांच्या रूपात साठवला जातो. ‘दऱ्या’ या शब्दात यांपैकी एकच संख्या बदलते: २३५२ च्या जागी २३५३ येते. एवढ्याशा फरकावरून पडद्यावर कधी रफार काढायचा आणि कधी आडवा अर्धा ‘र’ काढायचा, हे ठरवावे लागते.

हे कोण ठरवते? लेखनाचा प्रोग्रॅम ठरवत असेल, असे आपल्याला वाटते. पण लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइड फोन हे सगळे या कामासाठी एकाच छोट्या प्रोग्रॅमची मदत घेतात. त्याचे नाव हार्फबझ. (फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे उघडे.) आता समजा, या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार करताना कुणाच्या हातून एक ओळ चुकली. मग चूक एकाच ठिकाणी दिसणार नाही. पत्रे, पाठ्यपुस्तके, वर्तमानपत्रांची पाने, फोनवरचे निरोप, सगळीकडे दऱ्यांचा दर्या होईल!

असे सहसा होत नाही. ते का होत नाही आणि कधीकधी त्याहून गंभीर काहीतरी का होऊन बसते, हे या लेखात पाहू.

लायब्ररी म्हणजे काय?

अनेक प्रोग्रॅमना लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवायची आणि ज्याला हवी त्याने ती वापरायची, अशा आज्ञांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. अक्षरांची जुळणी, चित्र उघडणे, माहिती दाबून लहान करणे, गुप्त संदेश तयार करणे, यांतल्या प्रत्येक कामासाठी लायब्ररी असते. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यासारखेच हे आहे. भाजी कोणतीही असो, मोहरी त्याच वाटीतली. मोहरीत खडा असेल, तर तो त्या दिवसाच्या प्रत्येक पदार्थात जाऊ शकतो.

लायब्ररी वापरणाऱ्याला ती दिसत नाही, तिचे नावही त्याला ठाऊक नसते. म्हणून तिची तपासणी वापरणाऱ्याच्या हाती सोपवून चालत नाही. ती आधीच व्हायला हवी.

लिहिणारा एक, बांधणारा दुसरा

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ आज्ञावली सर्वांना वाचायला, बदलायला आणि वाटायला खुली असते. अशा हजारो आज्ञावली एकत्र आणून त्यांची एक संपूर्ण कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, तयार करणारे गट जगभर आहेत. त्यांतला एक जुना आणि मोठा गट म्हणजे डेबियन. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली त्याची सुरुवात केली. आज त्यात साठ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत आणि ती सांभाळणारी बहुतेक माणसे स्वयंसेवक आहेत. या लेखातील उदाहरणे मुख्यतः डेबियनमधली आहेत. रेड हॅट, सुसे यांसारख्या इतर प्रणालींत नावे बदलतात, रीत साधारण तीच.

पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा लायब्ररी, तो कुठे ठेवायचा याची माहिती आणि त्याला आणखी काय काय लागते याची यादी, असा एकत्र बांधलेला गठ्ठा. माणसाला वाचता येणारी मूळ आज्ञावली घेऊन तिचे यंत्राला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करायचे आणि त्याचा गठ्ठा करायचा, या सगळ्या कामाला आपण बांधणी म्हणू.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी. लायब्ररी लिहिणारा माणूस आणि तिचे पॅकेज बांधणारा माणूस, हे सहसा वेगळे असतात. लिहिणारा आपल्या संगणकावर ती चालवून पाहतो. बांधणाऱ्याचा संगणक वेगळा, त्यावरचा कंपायलर वेगळा, आसपासच्या लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या वेगळ्या. एकाच पाककृतीने दोन घरांत केलेले लाडू सारखे होतीलच असे नाही, तसेच हे. म्हणून लेखकाने ‘माझ्याकडे चालते’ असे सांगून भागत नाही. ‘इथे, या यंत्रावर, आत्ता बांधलेली प्रत चालते का?’ हा प्रश्न बांधणीच्या वेळीच विचारावा लागतो. हीच बांधणीच्या वेळची परीक्षा.

प्रश्नपत्रिका कशी असते?

लायब्ररीच्या चाचण्या म्हणजे लहान लहान प्रोग्रॅमच असतात. ठरावीक गोष्ट लायब्ररीला द्यायची, तिचे उत्तर घ्यायचे आणि आधीच ठाऊक असलेल्या बरोबर उत्तराशी ताडून पाहायचे. हार्फबझसोबत अशा चाचण्यांचा मोठा संच येतो. एक फाँट, एक शब्द आणि त्या शब्दासाठी कोणत्या आकृत्या कोणत्या क्रमाने यायला हव्यात याचे अपेक्षित उत्तर, असे त्यांचे स्वरूप असते. देवनागरी शब्दही त्यांत आहेत.

चांगली चाचणी कशाला म्हणायचे, हे समजण्यासाठी एक सोपे उदाहरण घेऊ. एखादे वर्ष लीप आहे की नाही हे सांगणारा प्रोग्रॅम कुणीतरी लिहिला आणि त्यात फक्त ‘चारने भाग जातो का?’ एवढेच पाहिले. त्याला आपण २०२३ विचारले, उत्तर आले ‘नाही’. २०२४ विचारले, उत्तर आले ‘होय’. २००० विचारले, पुन्हा ‘होय’. तिन्ही उत्तरे बरोबर! तरीही प्रोग्रॅम चुकीचा आहे. शतकाचे वर्ष लीप असण्यासाठी त्याला ४०० ने भाग जावा लागतो, म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २१०० हेही नसेल. चूक पकडायची तर १९०० विचारायलाच हवे. प्रश्न किती विचारले यापेक्षा कोणते विचारले, याला महत्त्व आहे. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नकोच.

चाचण्यांचा निकाल लावण्याची पद्धत मात्र शाळेपेक्षा उलटी आहे. चाचणी संपताना प्रोग्रॅम एक संख्या मागे ठेवतो. ती शून्य असेल तर उत्तीर्ण, शून्याखेरीज काहीही असेल तर अनुत्तीर्ण. कारण सरळ आहे: यश एकाच प्रकारचे असते, अपयशाचे प्रकार अनेक, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा क्रमांक देता येतो. काही भाषांमध्ये सविस्तर निकालपत्रकही मिळते. पर्ल या भाषेत १९८७ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रश्नापुढे ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ असे छापण्याची रीत आहे. ‘एकूण दहा प्रश्न’ अशी संख्याही त्यात सांगितलेली असते. त्यामुळे प्रोग्रॅम मध्येच बंद पडून सातच उत्तरे आली, तर उरलेल्या तीन प्रश्नांचे मौन लपत नाही.

डेबियनमध्ये काय घडते?

डेबियनच्या प्रत्येक पॅकेजात ‘रूल्स’ नावाची एक फाइल असते. बांधणीच्या पायऱ्या त्यात लिहिलेल्या असतात. या पायऱ्या पार पाडणारे मूळ साधन ‘मेक’ हे आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिले. पॅकेज बांधणाऱ्यांचे नेहमीचे काम सोपे व्हावे म्हणून त्यावर ‘डेबहेल्पर’ नावाचा अवजारांचा संच चढवलेला आहे. त्यातल्या एका अवजाराचे काम एवढेच, की बांधणी पुरी झाल्यावर लेखकाने दिलेल्या चाचण्या शोधायच्या आणि चालवायच्या. लायब्ररी सी भाषेत असो, पायथनमध्ये असो की पर्लमध्ये, हे अवजार आसपासच्या फायली पाहून कोणत्या पद्धतीने चाचणी घ्यायची हे ओळखते.

एक जरी चाचणी अनुत्तीर्ण झाली, तरी बांधणी तिथेच थांबते आणि पॅकेज तयारच होत नाही. माणसाने कागदावर शेरा मारून पुढे जाण्याची सोय नाही, निदान आपोआप तरी नाही. ही शिस्तच या पद्धतीचे बळ आहे.

परीक्षागृहही काळजीपूर्वक तयार केलेले असते. प्रत्येक बांधणीसाठी एक कोरी जागा उघडतात. तिच्यात मूलभूत साधने आणि पॅकेजाने जाहीर केलेल्या गरजा एवढेच ठेवतात. बांधणाऱ्याच्या संगणकावर योगायोगाने असलेली एखादी लायब्ररी वापरली जात असेल आणि यादीत तिचे नाव लिहायचे राहिले असेल, तर इथे लगेच उघडे पडते. बांधणीच्या वेळी इंटरनेटवरून काही आणायला डेबियनच्या नियमांनुसार बंदी आहे. परीक्षेला बसताना बाहेरून चिठ्ठी यायला नको, असाच हा नियम म्हणा ना!

एकच प्रश्नपत्रिका, वेगवेगळी यंत्रे

डेबियनची पॅकेजे एका प्रकारच्या संगणकासाठी नसतात. घरातल्या संगणकातील प्रोसेसर, फोनसारख्या उपकरणांतील आर्म, आयबीएमचे महासंगणकासारखे मोठे मेनफ्रेम, तसेच २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून अधिकृतपणे सामील झालेला रिस्क-व्ही, या सर्वांसाठी तीच मूळ आज्ञावली स्वतंत्रपणे बांधली जाते आणि प्रत्येक ठिकाणी चाचण्या चालतात. यातून अशा चुका सापडतात, की ज्या लेखकाला आपल्या टेबलावर कधीच दिसल्या नसत्या.

उदाहरणार्थ, २५८ ही संख्या घ्या. संगणक ती दोन बाइटांत साठवतो: एक पट २५६ आणि वर २. म्हणजे बाइट झाले १ आणि २. पण आधी कोणता ठेवायचा? आपल्या घरचे संगणक लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात, म्हणजे २, १. आयबीएमचे मेनफ्रेम मोठ्या किमतीचा आधी ठेवतात, म्हणजे १, २. एका यंत्राने लिहिलेली फाइल दुसऱ्याने विचार न करता वाचली, तर २५८ च्या जागी दोन पट २५६ अधिक १, म्हणजे ५१३ मिळेल. लेखकाच्या यंत्रावर लिहिणे आणि वाचणे दोन्ही एकाच पद्धतीने होते, म्हणून तिथे चूक दिसत नाही. मेनफ्रेमवर चाचणी घेतली, की दिसते.

काळाचेही असेच आहे. अनेक प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात. त्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवली, तर २,१४,७४,८३,६४७ हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी गाठला जाईल आणि पुढे घड्याळ ऋण संख्येत जाईल. म्हणून डेबियन १३ मध्ये, जुन्या इंटेल ३८६ कुळाचा अपवाद सोडून, ३२ बिटी यंत्रांवरही वेळेसाठी ६४ बिटांची जागा करण्यात आली. त्यासाठी असंख्य लायब्ऱ्या पुन्हा बांधाव्या लागल्या. हाताशी चाचण्या नसत्या, तर एवढ्या मोठ्या बदलात काय मोडले आणि काय टिकले, हे कळणे अवघड झाले असते.

कधीकधी मात्र चूक लायब्ररीत नसते, प्रश्नपत्रिकेतच असते. एखाद्या चाचणीत सुरक्षा-प्रमाणपत्राचा नमुना वापरलेला असतो आणि त्यावर दोन वर्षांनंतरची मुदत लिहिलेली असते. दोन वर्षे चाचणी उत्तीर्ण होते आणि मग एका सकाळी, एकही अक्षर न बदलता, अनुत्तीर्ण! हे हसण्यावारी नेता येत नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती अनेक वर्षे वापरात असते. तिच्यात सुरक्षेचा दोष सापडला, तर तातडीने दुरुस्त करून पुन्हा बांधावे लागते. नेमक्या त्याच वेळी जुनी मुदत आडवी आली, तर दुरुस्ती अडून बसते. म्हणून काही जण घड्याळ मुद्दाम वर्षभराहून अधिक पुढे लावून पॅकेजे बांधून पाहतात.

लायब्ररीने दिलेले वचन

लायब्ररीच्या बाबतीत आणखी एक तपासणी लागते, जी साध्या प्रोग्रॅमला लागत नाही. लायब्ररी इतरांना काही ठरावीक नावांची कामे पुरवते. त्या नावांवर विसंबून शेकडो प्रोग्रॅम आधीच बांधलेले असतात. नव्या आवृत्तीतून एक नाव गळाले, तर लायब्ररी स्वतः धडधाकट राहील, तिच्या सर्व चाचण्याही उत्तीर्ण होतील, पण ते नाव शोधणारा प्रोग्रॅम सुरूच होणार नाही.

यासाठी डेबियनमध्ये लायब्ररीच्या पॅकेजासोबत सर्व नावांची यादी ठेवता येते. कोणते नाव कोणत्या आवृत्तीपासून उपलब्ध आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. बांधणी झाली, की एक अवजार नव्या लायब्ररीतील नावे या यादीशी ताडते. नवे नाव आले तर ते फक्त नोंद करते. जुने नाव नाहीसे झाले तर बांधणी थांबवते. मग बांधणाऱ्याला ठरवावे लागते, की नाव चुकून गेले की जाणूनबुजून काढले. जाणूनबुजून काढले असेल, तर लायब्ररीचा ओळखक्रमांकच बदलून तिला नवी लायब्ररी मानायचे आणि जुनीवर अवलंबून असलेले सर्व प्रोग्रॅम पुन्हा बांधायचे. हजेरीपट घेऊन सहलीहून परतताना मुले मोजावीत, तसे हे काम आहे. कंटाळवाणे, पण न टाळण्यासारखे.

बांधणीनंतरच्या फेऱ्या

गठ्ठा तयार झाल्यावर आणखी तीन अवजारे त्याच्याकडे पाहतात. पहिले ‘लिंटियन’. ते पॅकेज न चालवता फक्त वाचते आणि नियमभंग दाखवते: फाइल चुकीच्या जागी आहे, परवान्याची माहिती नाही, वगैरे. सी भाषेतल्या आज्ञावली तपासणाऱ्या ‘लिंट’ या प्रसिद्ध जुन्या अवजारावरून हे नाव आले. कापडाला चिकटलेली बारीक तुसे म्हणजे लिंट. दुसरे ‘पियुपार्ट्स’. ते कोऱ्या जागेत पॅकेज बसवते, जुन्यावरून नव्यावर नेते, मग काढून टाकते आणि मागे काही कचरा राहिला का, हे पाहते.

तिसरे ‘ऑटोपीकेजीटेस्ट’. बांधणीच्या वेळची चाचणी बांधणीच्या जागेतच होते, तिथे मूळ आज्ञावलीच्या सगळ्या फायली हाताशी असतात. पण गठ्ठ्यात एखादी आवश्यक फाइल भरायचीच राहिली, तर? म्हणून हे अवजार तयार गठ्ठा कोऱ्या यंत्रावर बसवून वापरकर्त्याच्या जागी उभे राहते आणि पुन्हा प्रश्न विचारते. शिवाय नवी लायब्ररी आली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्याही चाचण्या घेतल्या जातात. ‘अस्थिर’ विभागातून ‘चाचणी’ विभागात पॅकेजाला बढती द्यायची की नाही, हे ठरवताना हे निकाल विचारात घेतात. (डेबियनच्या आवृत्त्यांची नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातील पात्रांवरून ठेवतात. अस्थिर विभागाचे नाव सिड. चित्रपटात खेळणी मोडणारा मुलगा तो!)

उत्तीर्ण झाले, तरीही...

इतका पहारा असताना चूक निसटेल कशी? २००८ साली सर्वांना या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

ओपनएसएसएल ही गुप्त संदेशांसाठी वापरली जाणारी लायब्ररी. गुप्त किल्ली तयार करायची तर कुणालाही ओळखता येणार नाही अशी यादृच्छिक संख्या लागते. ती मिळवण्यासाठी ही लायब्ररी संगणकाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून अनिश्चित माहिती गोळा करून एका भांड्यात ढवळत असे. व्हॅलग्राइंड नावाचे एक तपासणी अवजार आहे. प्रोग्रॅम चालू असताना तो स्मृतीचा गैरवापर करतो का, यावर ते लक्ष ठेवते. त्याने तक्रार केली, की या लायब्ररीत किंमत न भरलेली स्मृती वाचली जात आहे. तक्रार थांबावी म्हणून २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजात दोन ठिकाणची एकसारखी ओळ बंद केली गेली. त्यातली एक ओळ बंद करण्याने काही बिघडले नसते. दुसरी मात्र भांड्यात माहिती ओतणारी ओळच होती.

आता भांड्यात पडत होता तो जवळजवळ फक्त चालू प्रोग्रॅमचा क्रमांक. तो १ ते ३२,७६७ एवढाच असू शकत होता. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, ठरावीक लांबीच्या किल्ल्या फार तर ३२,७६७! एवढ्या सगळ्या आधीच तयार करून एकामागून एक लावून पाहणे, हे कुणाही चोराला सहज शक्य. १३ मे २००८ रोजी हा दोष जाहीर झाला, लुसियानो बेलो यांनी तो शोधला होता. जवळपास दोन वर्षांत तयार झालेल्या किल्ल्या जगभर शोधून बदलाव्या लागल्या.

चाचण्यांना हे का दिसले नाही? या लायब्ररीसोबत यादृच्छिकतेचीही चाचणी होती. ती २०,००० बिट घेऊन त्यांत १ किती आहेत ते मोजते. संख्या ९,६५४ आणि १०,३४६ यांच्या दरम्यान असेल, तर ठीक. त्याखेरीज चार-चार बिटांच्या गटांची आणि सलग येणाऱ्या बिटांचीही मोजणी ती करते. पण भांडे ढवळण्याचे गणित शाबूत होते. बीज साधे असले, तरी त्यातून निघणारा प्रवाह दिसायला यादृच्छिकच होता. कुलूप लावून पाहा, लागते. किल्लीने उघडून पाहा, उघडते. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बरोबर. ‘पुन्हा पुन्हा तीच किल्ली येते का?’ हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता.

आणि तो प्रश्न काही फार अवघड नव्हता. २३ माणसांच्या गटात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते, हे गणित अनेक शिक्षकांना ठाऊक असेल. ३६५ च्या जागी ३२,७६७ घेतले आणि सर्व क्रमांक सारख्याच शक्यतेचे मानले, तर हाच आकडा सुमारे २१३ येतो. निरनिराळ्या संगणकांवरच्या दोन-अडीचशे किल्ल्या शेजारी शेजारी ठेवल्या असत्या, तर दोन सारख्या सापडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती. पण एकाच कोऱ्या जागेत, एकाच यंत्रावर, एका वेळी होणाऱ्या चाचणीला हे दिसणे कठीणच होते.

परीक्षेतच दगा

दुसरी घटना २०२४ ची. ‘एक्सझेड’ ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी. तिच्या चाचण्यांसाठी दाबलेल्या फायलींचे नमुने सोबत दिलेले असतात. काही चांगले, काही मुद्दाम बिघडवलेले. बिघडलेली फाइल लायब्ररी नाकारते का, हे पाहण्यासाठी. असे नमुने माणसाला वाचता येत नाहीत आणि कुणी वाचायला जातही नाही.

‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या, खरी ओळख उघड न झालेल्या व्यक्तीने काही वर्षे मदत करून विश्वास मिळवला आणि अशाच दोन नमुना फायलींत घातक आज्ञा दडवल्या. त्या बाहेर काढणाऱ्या ओळी मूळ आज्ञावलीच्या सार्वजनिक नोंदवहीत नव्हत्या. फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होत्या. बांधणी सुरू झाली, की त्या ओळी आधी पाहत: यंत्र नेहमीचे ६४ बिटी आहे का? डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचे पॅकेज बांधले जात आहे का? तसे असेल तरच विष लायब्ररीत मिसळायचे, नाहीतर गप्प बसायचे. हे विष दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेपर्यंत पोहोचत होते. त्यातून दगाबाजाला जगातल्या असंख्य संगणकांचे दार उघडता आले असते.

हे उघडकीस आणले आंद्रेस फ्रॉइंड यांनी, २९ मार्च २०२४ रोजी. ते पोस्टग्रेस या माहितीसंचाच्या प्रणालीवर काम करतात. डेबियनच्या अस्थिर विभागावर वेग मोजत असताना एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. काही आठवड्यांपूर्वी त्यांच्या स्वयंचलित चाचण्यांत व्हॅलग्राइंडने एक चमत्कारिक तक्रार केली होती. धागा धरून ते मुळापर्यंत गेले. विषारी आवृत्त्या, ५.६.० आणि ५.६.१, तोवर डेबियनच्या स्थिर विभागात पोहोचल्या नव्हत्या.

दोन्ही घटनांत व्हॅलग्राइंड आहे, हे लक्षात घ्या. २००६ मध्ये त्याची तक्रार ‘कशी थांबवायची’ एवढेच पाहिले गेले. २०२४ मध्ये ती ‘का आली’ असे विचारले गेले. अवजार तेच. फरक पडला तो माणसाच्या प्रश्नाने.

एकाच आज्ञावलीची दोन ठिकाणी स्वतंत्र बांधणी करून दोन्ही गठ्ठे बाइटागणिक सारखे येतात का, हे पाहण्याची मोहीम डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे. बांधणाऱ्या यंत्रातच कुणी ढवळाढवळ केली, तर ती त्यातून कळते. पण एक्सझेडच्या बाबतीत विष कच्च्या मालातच होते; दोन्ही गठ्ठे सारखेच विषारी निघाले असते. कोणतेही एक अवजार सगळ्याच प्रश्नांना पुरे पडत नाही, एवढे यातून घ्यावे.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाने एखादा नियम मनात धरावा, पण त्यात जाणूनबुजून एक चूक ठेवावी. उदाहरणार्थ, तीन बाजू दिल्या तर त्रिकोण होईल का, हे सांगायचे. पण फक्त पहिल्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी आहे का, एवढेच पाहायचे. दुसऱ्या गटाने प्रश्न विचारून चूक शोधावी. ३, ४, ५ विचारले तर ती सापडणार नाही. १, २, ५ विचारले तरीही नाही. ५, २, १ विचारले, की सापडेल. कारण ५ आणि २ यांची बेरीज १ पेक्षा मोठी आहे, तरीही त्रिकोण होत नाही. किती प्रश्नांत चूक सापडली, ते फळ्यावर लिहा आणि मग गटांची अदलाबदल करा.

दुसऱ्या फेरीत मुले आपोआप शून्य, समान बाजू, उलटा क्रम असे कडेचे प्रश्न विचारू लागतील. ‘सगळी उत्तरे बरोबर आली, म्हणजे नियम बरोबर’ असे कुणी म्हणाले, तर त्याला विचारा: ‘कोणता प्रश्न अजून विचारला नाही?’